तग : एका शब्दाची झडती

रेझिलियन्स हा शब्द आता सगळीकडं सापडतो. रविवारच्या पुरवणीत सापडतो, कंपनीच्या प्रशिक्षणात सापडतो, पुरा-दुष्काळावरच्या अहवालात सापडतो. आणि आता तो पुस्तक-परीक्षणांतही शिरलाय. आपल्यातल्या कुणाचं आत्मकथन आलं की परीक्षण लिहिणारा दोन परिच्छेदांत दुःखाची यादी करतो आणि तिसऱ्यात माणसाच्या दुर्दम्य जिद्दीला सलाम ठोकतो. झालं. पुस्तक मिटलं, चहा मागवला. मारणारा कोण होता, तो आज कुठं आहे, हा प्रश्न त्या जिद्दीच्या पोत्याखाली दबून गेला.

म्हणून या शब्दाची एकदा नीट झडती घ्यायची ठरवलं. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. पाळी संपल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन जेवढं इंग्रजी हाती लागलं तेवढं वाचलं. वाचून जे कळलं ते आधीच सांगून टाकतो. या शास्त्रातल्या चांगल्या माणसांना पन्नास वर्षांत जे सापडलंय ते बरंचसं आपल्या बाजूचं आहे. पण बाजारात शब्द आला तो ते सगळं काढून, सोलून आला. तेव्हा झडती दोघांचीही घ्यायला पाहिजे, शास्त्राची आणि बाजाराची.

शब्द मूळचा लॅटिन. उसळून मागे येणं हा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात इंग्रज इंजिनियरांनी तो लाकडाला आणि लोखंडाला लावला. तुळईवर भार टाकला तर ती किती वाकते, तो भार काढला की परत सरळ होते का, हे त्यांना मोजायचं होतं. आता नीट बघा. या मोजणीत दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, भार किती टाकला हे मोजणाऱ्याला माहीत आहे, कारण त्यानंच तो टाकलाय. दोन, भार कधीतरी काढला जातो. भार काढल्याशिवाय तुळई परत सरळ होते की नाही हे कळणारच कसं?

हा शब्द लोखंडावरून माणसावर आला तेव्हा या दोन्ही गोष्टी वाटेत सांडल्या. माणसाची तुळई मोजतात, भार मोजत नाहीत. आणि भार काढला का, हे तर विचारतच नाहीत. शिवाय परत यायचं ते कुठं? पूर्वस्थितीला. ज्याचा बंगला पुरात गेला त्याला पूर्वस्थिती म्हणजे बंगला. ज्याची पूर्वस्थिती गावकुसाबाहेरची होती त्यानं उसळून परत तिथंच जायचं काय?

मराठीत या शब्दाला लवचिकता म्हणतात. मला तो पटत नाही. लवचिक म्हणजे वाकणारा, आणि वाकण्याचा सराव आपल्या बापजाद्यांना भरपूर झालाय. सोशिकता म्हणावं तर ती बाईच्या माथी मारायला ठेवलेली आहे. चिवटपणा म्हटलं की हरळी आठवते, कितीही उपटा, पुन्हा उगवते. त्या कौतुकात उपटणाऱ्याचा हात दिसत नाही. मला त्यातल्या त्यात बरा वाटतो तो तग. किल्ला तग धरतो. का धरतो? कुमक येईपर्यंत धरतो. तग या शब्दात मुदत आहे, आणि बाहेरून कुणीतरी येणं बाकी आहे. कुमक कधीच पाठवायची नाही आणि किल्लेदाराच्या तगाचे पोवाडे गायचे, याला काय म्हणायचं?

आता शास्त्राकडं येऊ. १९७० च्या आसपास अमेरिकेत मिनेसोटाला नॉर्मन गार्मेझी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. स्किझोफ्रेनिया झालेल्या आईबापांच्या मुलांचा ते अभ्यास करत होते. मुलं बिघडणारच अशी सगळ्यांची अटकळ. पण त्यांना दिसलं की यातली कितीतरी मुलं नीट वाढतायत, शिकतायत, दोस्ती करतायत. तोवर हे शास्त्र फक्त मोडलेल्या माणसाकडं बघत होतं. न मोडलेल्याकडं बघायचं हे गार्मेझींनी शिकवलं. ही मोठी गोष्ट होती, ती नाकारायचं कारण नाही. पण त्याच काळात अशा मुलांना 'अभेद्य' म्हणायची टूम निघाली. वर्तमानपत्रांना ती फार आवडली. गरिबीत, मारात, उपासात वाढूनही ज्याला काहीच होत नाही असं पोलादी पोर! असं पोर सापडलं की सरकारचं कामच संपतं. पुढं ब्रिटनच्या मायकेल रटरनी आणि इतरांनी हा शब्द मोडीत काढला. अभेद्य कुणीच नसतं, एकच माणूस एका भाराखाली टिकतो आणि दुसऱ्याखाली मोडतो, आज टिकतो आणि उद्या मोडतो, असं त्यांनी दाखवलं.

या शास्त्राची सगळ्यात नावाजलेली पाहणी हवाई बेटांपैकी काउआई या बेटावरची आहे. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली त्या बेटावर जन्मलेली ६९८ मुलं धरली आणि चाळीस वर्षं त्यांचा माग सोडला नाही. वयाच्या पहिल्या वर्षी पाहिलं, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी पाहिलं. बेट उसाच्या मळ्यांचं. जपान, फिलिपिन्स, पोर्तुगाल इथून मळ्यावर राबायला आणलेल्या लोकांची आणि मूळ हवाईच्या लोकांची ही लेकरं. त्यातली २१० च्या आसपास मुलं अशी होती की दोन वर्षांची व्हायच्या आतच चार किंवा जास्त संकटं त्यांच्या वाट्याला आली होती. गरिबी, अवघड बाळंतपण, न शिकलेली आई, भांडणारं घर, दारू किंवा वेड लागलेला बाप. या मुलांपैकी ७२ मुलं, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, अठराव्या वर्षी धडधाकट, कर्तबगार, माया असलेली निघाली.

जगभर गाजली ती ही ७२. बाकीच्या दोन तृतीयांशांचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांना शाळेत अडचणी आल्या, पोलिसांत नावं गेली, कमी वयात पोटुशी राहिल्या, मन बिघडलं. आकडा तोच, पण तो कुठल्या बाजूनं वाचायचा यात राजकारण आहे. तीनातला एक वाचला ही बातमी आहे, तशीच तीनातले दोन कापले गेले हीही बातमी आहे.

आणि या ७२ ना वाचवलं कशानं? काही मुलं जन्मतःच हसरी, शांत, लोकांना लळा लावणारी होती, हे वर्नरबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय. पण त्याच्या जोडीनं आजी होती, मावशी होती, मोठी बहीण होती, शेजारीण होती, एखादा मास्तर होता. आईबाप कोसळले तरी कुणातरी एकाचा हात सुटला नव्हता. त्याहून महत्त्वाचं पुढंच आहे. अठराव्या वर्षी जी पोरं बिघडलेली म्हणून नोंदली होती त्यातली बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली. कशी सावरली? सरकारी कॉलेजात पुन्हा शिकायला मिळालं, सैन्यात हाताला काम आणि हुन्नर मिळाला, नीट जोडीदार मिळाला, प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांचा आधार मिळाला. दार उघडलं तेव्हा माणसं आत आली. अठराव्या वर्षी ज्यांच्यात तग नव्हता त्यांच्यात तो तिसाव्या वर्षी कुठून उगवला? काउआईचा खरा धडा मला तरी हा वाटतो, आणि परीक्षणांतून नेमका तोच गळतो.

पण वर्नरबाईंच्या पाहणीवरही माझा एक आक्षेप आहे. त्यांच्या तक्त्यात गरिबी हा 'जोखमीचा घटक' आहे. अवघड बाळंतपण जसा घटक, तशीच गरिबी. जणू ती पावसासारखी आभाळातून पडते. मळ्याच्या मालकानं मजुरी किती दिली, चाळीत किती माणसं कोंबली, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. जोखमीचा घटक हा शब्द फार साळसूद आहे. त्यात कर्ता नाही.

रटर यांच्या पाहणीत निदान जागा तरी दिसते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दहा वर्षांच्या मुलांची दोन ठिकाणी तुलना केली. आइल ऑफ वाइट हे शांत बेट आणि लंडनच्या पोटातली एक दाटीची वस्ती. लंडनच्या वस्तीत मन बिघडलेल्या मुलांचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. लंडनच्या पोरांच्या छातीत निम्मीच जिद्द घालून देवानं पाठवलं होतं काय? घरात किती माणसं कोंबली होती, शाळेत मास्तर किती वेळा बदलले, आईबाप किती खचले होते, यात तो फरक होता.

नंतरच्या व्याख्या अशाच बाहेर बाहेर सरकत गेल्या. दिल्लीत शिकून अमेरिकेला गेलेल्या सुनिया लूथर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००० साली या शब्दाची कडक तपासणी केली. त्यांनी बजावलं की हा माणसाचा गुण म्हणून वापरू नका, ही घडत राहणारी प्रक्रिया आहे. मोठं संकट आणि त्यातही नीट चालू राहणं, या दोन्ही गोष्टी असल्या तरच हा शब्द लागू होतो. पुढं त्यांनी हेही म्हटलं की याचा पाया माणसामाणसातल्या नात्यांत आहे. अॅन मास्टन यांनी २००१ साली याला साधीसुधी जादू म्हटलं. यात अलौकिक काही नाही. माया करणारं माणूस, बरी शाळा, चालणारं डोकं, आपल्या हातून काही होईल हा भरवसा, असल्या रोजच्या गोष्टींतून ते घडतं, आणि या रोजच्या गोष्टी मोडल्या की माणूस मोडतो. कॅनडाचे मायकेल उंगर यांनी ११ देशांतल्या १४ ठिकाणी दीड हजारावर पोरापोरींना विचारून व्याख्याच फिरवली. माणसाला जगायला लागणाऱ्या गोष्टींपर्यंत पोचता येतं का, आणि त्या त्याला अर्थ वाटेल अशा रीतीनं मिळाव्यात म्हणून त्याला भांडता येतं का, असं ते विचारतात. इथं पहिल्यांदा पाणी, रोजगार आणि न्याय हे शब्द मानसशास्त्राच्या पानावर आले. या माणसाला आपल्या वस्तीत बोलवावं असं मला वाटलं.

मग बाजारात काय आलं? मोजपट्टी आली. २००३ साली कॉनर आणि डेव्हिडसन यांनी २५ वाक्यांची एक यादी केली. प्रत्येक वाक्याला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. डॉक्टरला रोग्याची प्रगती बघायला तिचा उपयोग होतो, ते ठीक. पण ती वाक्यं जवळजवळ सगळी 'मी'ची आहेत. भाडं किती, पगार कधी होतो, आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, हे त्यातलं एकही वाक्य विचारत नाही. १०० पैकी ४० मिळाले तर कमी पडला तो मीच. २००९ साली अमेरिकी सैन्यानं दहा लाखांहून जास्त सैनिकांना हे तग धरणं शिकवायची मोठी योजना काढली. सैनिकाचं मन घट्ट करायचं ठरलं. त्याला इराकात परत परत पाठवायचं की नाही, हा प्रश्न शिकवणीत नव्हता. आता कंपन्याही हेच करतात. पाळी वाढवायची आणि ताण कसा झेलावा याचं एका तासाचं व्याख्यान ठेवायचं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. सुताला ताण म्हणजे काय हे मला रोज आठ तास दिसतं. तार तुटायला लागले की काय करतात? खात्यातला ओलावा कमी झालाय का बघतात, कारण कोरड्या हवेत कापूस लवकर तुटतो. रिंगवर फिरणारी ती लहानशी पोलादी कडी झिजली असेल तर बदलतात. चाती थरथरते का बघतात. मशीनची गती जास्त लावलीय का, कापसात आखूड धागा जास्त आलाय का, हे तपासतात. सुताला कुणी व्याख्यान देत नाही, की बाबा रे, तू मनानं घट्ट हो. सुताच्या बाबतीत सगळ्यांना अक्कल आहे. माणसाच्या बाबतीत ती कुठं जाते?

मार्टिन सेलिग्मन हे नाव या बाजारात सारखं ऐकू येतं, त्या सैनिकी योजनेमागंही तेच होते. त्यांचा जुना प्रयोग १९६७ चा, स्टीव्हन मायर यांच्याबरोबरचा. कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना डोक्यानं दाबून झटका थांबवता येईल अशी पट्टी दिली, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती पुढं पळायची वाट मोकळी असूनही बहुतेक पडून राहिली. त्यांनी असहायता शिकली, असं पन्नास वर्षं सांगितलं गेलं. २०१६ साली या दोघांनीच लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. लांबलेल्या यातनेत गप्प पडून राहणं ही शरीराची मूळचीच रीत आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या हातात काही आहे. मला यातून जे दिसतं ते असं : ज्याच्या हातात कळ दिली तो शिकतो. कळ द्यायची नाही आणि हा पडून का राहतो म्हणून त्याचं मन तपासायचं, हा धंदा कुत्र्यावरही अन्याय करणारा आहे.

आता मला सगळ्यात जास्त हलवलं त्या गोष्टीकडं येतो. अमेरिकेतल्या काळ्यांच्या दंतकथेत जॉन हेन्री नावाचा घणकरी आहे. बोगद्याचा खडक फोडायला वाफेचं यंत्र आलं. त्यानं यंत्राशी पैज लावली, घणानं जिंकली, आणि हातातल्या घणासकट मरून पडला. शर्मन जेम्स हे काळे शास्त्रज्ञ १९७८ साली नॉर्थ कॅरोलिनात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला भेटले. योगायोगानं त्याचंही नाव जॉन हेन्री मार्टिन. जन्म १९०७, शिक्षण दुसरी, वाट्यानं शेती करणाऱ्या गुलामीसारख्या धंद्यात अडकलेला. त्यानं दिवसरात्र राबून चाळिशीपर्यंत स्वतःची ७५ एकर जमीन केली. चाळीस वर्षांत फेडायचं कर्ज पाच वर्षांत फेडलं. कुठल्याही मोजपट्टीवर शंभर पैकी शंभर. पण पन्नाशीत त्याला रक्तदाब होता, सांधे धरलेले होते, आणि पोटातल्या व्रणापायी जठराचा ४० टक्के भाग कापून काढावा लागला होता. जेम्स यांनी यावरून बारा वाक्यांची पट्टी बनवली आणि याला जॉन हेन्रीपणा असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं : साधनं हाताशी नसताना जो जिद्दीनं भिडत राहतो त्याचा रक्तदाब चढतो. साधनं असलेल्याला तीच जिद्द तेवढी महाग पडत नाही. पुढच्या काही पाहण्यांत हे दिसलं, काहींत दिसलं नाही. पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. तग धरला, बरोबर. बिल कुणी भरलं?

जीन ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली जॉर्जियाच्या खेड्यांतल्या काळ्या पोरांवर असंच काम छापलं. गरिबीत वाढूनही शाळेत चमकलेली, मास्तरांनी गुणी म्हटलेली पोरं एकोणिसाव्या वर्षी तपासली. मन ठीक. उदासी कमी, भानगडी कमी. पण रक्तदाब, ताणाची संप्रेरकं, चरबी हे सगळं चढलेलं. त्यांनी विचारलं, हा तग कातडीपुरताच आहे काय? मानसशास्त्रज्ञ मनाचा कागद बघून पास करत होता तेव्हा रक्त वेगळंच सांगत होतं.

हे वाचताना ही परकी गोष्ट वाटत नाही. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नावच काळ्यांच्या चळवळीतून घेतलं होतं, ते उगाच नव्हे. आणि आकडे आपल्याकडंही आहेत. २०२२ साली व्यास, हाथी आणि गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी माणसांच्या सरकारी नोंदींवरून आयुर्मान काढलं. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलित तीन वर्षांहून जास्त आणि आदिवासी चार वर्षांहून जास्त आधी मरतात असं निघालं. घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरली तरी फरक पुरता मिटत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही, म्हणून इथं सगळं आबादीआबाद आहे असं कुणी समजू नये. आपल्या तगाची स्तुती करणाऱ्यानं ही तीन वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची ते सांगावं.

बाबासाहेबांचं उदाहरण तर सगळेच देतात. व्याख्यानाला आलेला प्रत्येक साहेब देतो. बघा, परिस्थिती नव्हती, तरी किती शिकले, तुम्हीही शिका. परिस्थिती नव्हती हे खरं. पण सुभेदार रामजी होते, कर्ज काढून पुस्तकं आणणारा बाप. केळुसकर गुरुजी होते. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती, ती मिळाली म्हणून १९१३ साली कोलंबियाला जाता आलं. शाहू महाराज होते. इथं रमाईची उपासमार होती, शेणाच्या गोवऱ्या होत्या. हे सगळं पुसून एकट्या माणसाची जिद्द शिल्लक ठेवायची, म्हणजे शिष्यवृत्ती बंद करायला मोकळे. आणि बिलाचंही बघा. चार लेकरं गेली. १९३५ साली रमाई गेली. शेवटची वर्षं मधुमेह, रक्तदाब, पायांच्या न थांबणाऱ्या वेदना. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा वय ६५. दुखण्याचं कारण एकच होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या अंगावर जेवढा भार होता तेवढा त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या बॅरिस्टरवर होता, ते दाखवा. त्यांनी आपल्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या. त्यात सोसा असं कुठंही नाही.

मुंबईचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बाँबस्फोट झाले. दोन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं कामावर गेली आणि पेपरांनी 'मुंबई स्पिरिट'चे मथळे केले. अरे, रोजंदारीवाल्याला खाडा परवडत नाही, म्हणून तो गेला. त्याला घरी बसायची सोय असती तर तो रडत बसला असता, आणि तो त्याचा हक्क होता.

उलट बाजूनं रोहित वेमुला बघा. १७ जानेवारी २०१६. अशी पोरं गेली की मन कमकुवत होतं, समुपदेशक नेमा, असा सूर निघतो. समुपदेशक नेमावेत, माझी ना नाही, रात्री दोन वाजता बोलायला माणूस लागतो. पण जुलैपासून हातात न आलेली फेलोशिप आणि वसतिगृहातून बाहेर काढलेल्या पाच पोरांचं उघड्यावरचं अंथरूण, हे आधी मोजा. मग मन मोजा. जो टिकला त्याची जिद्द आणि जो गेला त्याचा दुबळेपणा, अशी वाटणी केली की संस्था दोन्हीकडून सुटते.

आता साहित्याचं. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ साली, 'आयदान' २००३ साली. या सगळ्यांना जिद्दीचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. पण ही पुस्तकं जिद्दीची आहेत काय? बेबीताई कांबळे यांनी फलटणला दुकानात बसून लिहिलं आणि लिहिलेलं कितीतरी वर्षं घरात लपवून ठेवलं. त्यांच्या पुस्तकात मार खाऊन, उपाशी राहून मोडून गेलेल्या सुना आहेत. काउआईच्या गोष्टीत जे दोन तृतीयांश गळाले, त्यांचीच नोंद बेबीताईंनी ठेवलीय. तग धरलेल्या एकटीचं चरित्र त्यांनी लिहिलं नाही, म्हणून तर ते पुस्तक आपलं आहे. टीकाकाराला फक्त लिहिणारी दिसते, कारण ती वाचली. मोडलेल्या बायका दिसायला वेगळे डोळे लागतात.

आणि दोस्तहो, आपली कविताही यातून सुटत नाही. आपल्या दर तिसऱ्या कवितेत एक आई आहे. तिच्या टाचा फाटल्यात, ती मोळी आणते, ती कधी रडत नाही. कवी शेवटच्या ओळीत तिला डोंगर करतो, नाहीतर वडाचं झाड करतो. मी म्हणतो, कशाला? डोंगराला रक्तदाब नसतो. झाडाला दवाखान्यात रांग लावावी लागत नाही. तिला झाड केलं की तिचं दुखणं कवितेच्या बाहेर जातं, आणि तिच्याकडून आणखी मोळ्या आणवायला आपण मोकळे. ती रडली असेल, तिनं शिव्या दिल्या असतील, एखाद्या दिवशी ती उठलीच नसेल. ते लिहा.

कुणी म्हणेल, मग आपल्या माणसांच्या ताकदीचं कौतुक करायचंच नाही का? करायचं. ती ताकद नसती तर आपण इथं नसतो. पण कौतुकाबरोबर हिशेब मागायचा. म्हणून पुढच्या अंकासाठी परीक्षण पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. जिद्द हा शब्द लिहायच्या आधी त्याच पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. भार किती होता? तो कुणी घातला? तो उतरला का? आणि तग धरण्याची किंमत कुणाच्या अंगातून वसूल झाली? चारही उत्तरं लिहून झाल्यावर जागा उरली तर जिद्दीबद्दल खुशाल लिहा.